हजेरी पन्नासाची

१ जानेवारी १९७८, रविवार

नवी डायरी. ह्या वर्षी रोज लिहिणार. गेल्या वर्षीची दहा जानेवारीला थांबली, पण त्या वर्षात लिहिण्यासारखं काही घडलंच नाही.

आज चर्चमध्ये पाळक रूपरावसाहेबांनी वाईट बातमी दिली. वरच्या कमिटीचं ठरलं आहे की ज्या चर्चच्या मंडळीत रविवारी पन्नास मोठी माणसं बाकावर बसत नाहीत, तिथे कायमचा पाळक ठेवायचा नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी जिल्ह्यातल्या सगळ्या चर्चांवर देखरेख करणारे सुपरिंटेंडेंटसाहेब स्वतः हिंगणघाटला येऊन डोकी मोजणार. पन्नास भरली तर रूपरावसाहेब आपलेच. नाही भरली तर त्यांची बदली वर्ध्याला, आणि इथे ते महिन्यातून एकच रविवार येणार.

आजची हजेरी अडतीस. त्यातले दोघे झोपलेले.

पाळकांच्या मिसेस विमलाबाई पदराने डोळे टिपत होत्या. आमची कांताही. आठ वर्षांत ह्या दोघींनी एकमेकींशिवाय पापड लाटलेला नाही. माझंही तसंच. शनिवारी संध्याकाळी मी आणि साहेब बुद्धिबळ खेळतो. ते गेले तर मी हरवू कोणाला? (सध्या तेच जिंकत आहेत, पण मी त्यांना तसं जिंकू देतो.)

उभा राहिलो. म्हणालो, हे काम माझ्यावर सोडा. मी मिलमध्ये टाइमकीपर आहे. चारशे माणसं रोज माझ्या नजरेखालून आत जातात आणि बाहेर येतात. बारा माणसं वाढवणं म्हणजे डाव्या हाताचा मळ. टाळ्या पडल्या नाहीत, पण चर्चमध्ये तशी पद्धत नाही.

स्वागत समिती स्थापन. अध्यक्ष मी. सभासद डोमाजी, रेल्वेचे रिटायर्ड पॉइंट्समन. त्यांची अट एकच, मीटिंगला चहा पाहिजे.

घरी आल्यावर कांता म्हणाली, आलेल्या मानसाले बसू द्या, पानी द्या, दोन शब्द बोला, बस झालं. बायकांना सिस्टिम समजत नाही.

४ जानेवारी, बुधवार

समितीची पहिली मीटिंग, आमच्याच ओसरीत. डोमाजी वेळेवर. चहाही वेळेवर.

मी प्रश्न मांडला. नवी माणसं एकदा येतात, पुन्हा दिसत नाहीत. का? डोमाजी म्हणाले, चाय नाई भेटत म्हनून. हा फार संकुचित विचार झाला. खरं कारण असं की पाहुणा कोण आणि घरचा कोण, हे लांबून ओळखू येत नाही. उपाय: पाहुण्याच्या छातीवर लाल फीत. फीत दिसली की प्रत्येकाने जाऊन हात मिळवायचा आणि जय ख्रिस्त म्हणायचं.

कांता आतून ओरडली, अडतीस लोकं हाय, सारे एकमेकाइचे सोयरे. नवा मानूस आला तं दिसत नाई का? फीत कायले पायजे?

दुर्लक्ष केलं. नाताळच्या सजावटीची रिबन कापून बारा फिती केल्या. ती म्हणे तिने पुढच्या नाताळसाठी जपून ठेवली होती. पाळक राहिला तर नाताळ, असं मी ऐकवलं.

८ जानेवारी, रविवार

सकाळी नऊपासून फाटकावर ड्यूटी. नवा माणूस एक. नाव तानबा, अल्लीपूरकडचा शेतकरी. कापसाची गाडी घेऊन आला आहे. सध्या खरेदी केंद्राची रांग पार चर्चच्या भिंतीपर्यंत आली आहे, माणसं रात्रंदिवस गाडीखालीच पडून असतात. तानबा पाणी प्यायला आत आला आणि मी संधी सोडली नाही. नाव, गाव, शेती किती, विहिरीला पाणी आहे का, सगळं विचारून घेतलं आणि फीत लावली. सेफ्टी पिन जरा टोचली. शेतकरी गडी, सोसलं त्याने. पंख्याखाली बसवला. अडतीस जणांनी रांगेने हात मिळवला. फार भारावला असावा, घाबरल्यासारखा दिसत होता.

जाताना विचारू लागला, या फितीनं नंबर समोर लागते का जी? मी म्हणालो, फीतवाल्याला आमच्याकडे पहिला मान. खूश होऊन गेला.

हजेरी एकोणचाळीस. गाडी रुळावर आली आहे.

१५ जानेवारी, रविवार

चमत्कार! तानबा आणि त्याच्याबरोबर अकरा गाडीवान! सगळ्यांनी फिती मागून घेतल्या. मागून! बाराच्या बारा संपल्या. हजेरी बरोबर पन्नास. दोन महिन्यांचं काम दोन आठवड्यांत फत्ते. बाकांवर दाटी होते आहे, मागची भिंत पाडून चर्च वाढवावं लागेल, असं डोमाजींना म्हणालो. ते म्हणाले, पयले चाय पाजा.

पाळकसाहेबांनी विचारलं, प्रेमदासजी, हे आपले पाहुणे की खरेदी केंद्राचे? त्यांचा विश्वास थोडा कमी पडतो. पाळकाचं हे बरं नाही.

२२ जानेवारी, रविवार

गाडीवान आले नाहीत. एकटा तानबा फाटकातून आला आणि बारा फिती सुतळीत ओवून माझ्या हातात ठेवल्या. म्हणाला, केंद्रावरचा बाबू हासला जी. म्हने लाल फीत लावा नाई तं हिरवी, गाडी आपल्या नंबरानंच जाईन. आता गाडी खाली झाली, गावाले चाललो. तुमचा उपदेश बरा होता. पंखा बी.

फिती शाबूत परत मिळाल्या, हे ह्या प्रयोगाचं यशच म्हटलं पाहिजे. शिवाय एक गोष्ट सिद्ध झाली. टेम्पररी माणूस कामाचा नाही. मिलमध्येही माझा हाच अनुभव आहे. आपल्याला पर्मनंट पाहिजेत, सहकुटुंब.

२९ जानेवारी, रविवार

म्हणावं आणि देवाने द्यावं! टेलिफोन खात्यात बदलून आलेले बापूराव आज आले. बायको सुलोचनाबाई, आई जिजाबाई, बी.ए. झालेली मुलगी करुणा आणि कॉलेजात जाणारी दोन मुलं. सहा मोठी माणसं एका फटक्यात. मागच्या बाकावर बसले आणि शेवटचं गीत होताच निघाले. मी फाटकापर्यंत धावलो, तोवर रिक्षा सुटली. पण परत आलेल्या रिक्षावाल्याकडून घर कळलं. टाइमकीपरच्या नजरेतून सुटून जाणार कुठे?

निर्णय: समितीने घरी जाऊन भेट घ्यायची. इंग्रजीत ह्याला फॉलो-अप म्हणतात.

४ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळ

भेट अपेक्षेबाहेर यशस्वी!

मी कोट घातला. डोमाजींनी परीटघडीचं धोतर आणि काळा कोट. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून पावभर पेढे. आम्हाला दारात पाहताच घरात एकच धावपळ. पलंगावरची चादर बदलली. जिजाबाई डोक्यावर पदर घेऊन समोर बसल्या. मी ठरवलेले प्रश्न क्रमाने विचारत गेलो. मूळ गाव कोणतं, नोकरी पक्की की कच्ची, घर भाड्याचं का, घरात कोणाला काही दुखणं (प्रार्थनेसाठी विचारलं), मुलीचं शिक्षण किती, तिला गाता येतं का (गायनमंडळासाठी), स्वयंपाक जमतो का (ईस्टरच्या प्रीतिभोजनासाठी). प्रत्येक प्रश्नाला जिजाबाई इतक्या मनापासून उत्तर देत होत्या की मी थक्क झालो. चर्चची इतकी ओढ मी पाहिली नव्हती.

मग करुणा साडी नेसून पोह्यांचा ट्रे घेऊन आली. नमस्कार केला, मान खाली घालून बसली. मी म्हणालो, एखादं गीत म्हण. म्हटलं. आवाज फार गोड. मी मोकळेपणाने सांगून टाकलं की अशीच मुलगी आम्ही शोधत होतो.

डोमाजी मात्र विषयांतर फार करतात. जिजाबाईंनी विचारलं, तुमाले लेकरं किती? तर अर्धा तास आपल्या एकुलत्या एका मुलाबद्दल बोलत बसले. चांद्याला खाणीच्या ऑफिसात क्लार्क आहे, सत्ताविसावं लागलं, लग्नाचं नाव काढत नाही वगैरे. मध्येच दुसरी प्लेट पोहे. चर्चबद्दल जे काही बोललो ते मीच.

निघताना बापूराव फाटकापर्यंत आले. म्हणाले, तुमचं काय ठरते ते लवकर कळवजा. मी म्हणालो, आमचं ठरल्यासारखंच आहे, तुम्ही सगळे फक्त रविवारी साडेनऊला या. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळे भरून आले होते त्यांचे. माझेही आले.

५ फेब्रुवारी, रविवार

सहाही आले. थेट पहिल्या बाकावर. करुणा गायनमंडळात उभी राहिली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमचं गीत ज्या सुरात सुरू झालं त्याच सुरात संपलं. हजेरी चव्वेचाळीस. जिजाबाईंनी डोमाजींना डब्यातून शंकरपाळे दिले. मला नाही. अध्यक्ष मी आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे.

१२ फेब्रुवारी, रविवार

बापूरावांचे मेहुणे सिंदीहून सहकुटुंब आले, चौघे. हजेरी अठ्ठेचाळीस. मेहुण्यांनी मला बाजूला घेऊन डोमाजींची चौकशी केली. घर सोताचं हाय का, वावर किती, मानूस कसा हाय. मी म्हणालो, देवमाणूस. समितीच्या साध्या सभासदाबद्दल लोकांना एवढी आस्था वाटावी, हे माझ्या कामाचं फळ.

१९ फेब्रुवारी, रविवार

कीर्ती जिल्हाभर पसरली! वर्ध्याचं एक कुटुंब, पुलगावचं एक आणि सिंदीहून आणखी एक. प्रत्येक घरात एकेक शिकलेली मुलगी. तरुण पिढी धर्माकडे वळते आहे, कोण म्हणतं नाही? हजेरी एकसष्ट. डोमाजींच्या शेजारच्या जागेसाठी दोन बाप्यांमध्ये थोडी ढकलाढकली झाली. कोणी त्यांना संत्री दिली, कोणी पेरू, कोणी विडा. डोमाजींचा स्वभाव इतका लाघवी आहे हे मला वीस वर्षांत जाणवलं नव्हतं.

उपासनेनंतर पाळकसाहेब हळूच म्हणाले, प्रेमदासजी, हे लोक कशासाठी येताहेत, कोणाला विचारलंत का? मी म्हणालो, आलेल्या माणसाला कारण विचारणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

२२ फेब्रुवारी, बुधवार

कांताने भाकरी थापता थापता भलतंच सांगितलं. म्हणाली, कोट घालून, पेढे घेऊन कोन जाते कोनाच्या घरी? पोरीले गानं म्हनायले लावलं, सैपाक येते का इचारलं, अन अशीच पायजे म्हनून आले. आता सारा जिल्हा डोमाजीच्या पोरासाठी पोरी घेऊन येऊन राह्यला, अन तुमाले वाटते उपदेश आयकाले येऊन राह्यले.

मी हसलो. हसता हसता थांबलो. तसाच चपला घालून डोमाजींकडे गेलो.

डोमाजी म्हणाले, मले तं पयल्याच दिवशी समजलं होतं. मग बोलला का नाहीत, असं मी जरा आवाज चढवून विचारलं. तर म्हणाले, पोहे मस्त होते न जी. अन पोरगी बी चांगली हाय. पोराले चिठ्ठी टाकली, येऊन पाहून जा म्हनून.

म्हणजे गैरसमज नाहीच! बापूरावांचं आणि डोमाजींचं जुळलं तर उत्तमच, पुण्य मला. राहिली बाकीची तीन कुटुंबं. त्यांना खरं सांगायचंच आहे, पण बारा मार्चनंतर. आज सांगितलं तर बाक रिकामे होतील आणि साहेब वर्ध्याला जातील. हेतू काही का असेना, बाकावर बसलेलं डोकं मोजलं जातं. ह्यात खोटं कुठे आहे?

कांताला हे समजावलं. तिने एवढंच विचारलं, अन त्या करुनाचं काय? मी म्हणालो, तिचं काय, ती छान गाते आहे. त्यावर कांताने दिवा मालवला. ती बोलते तेव्हा मला राग येतो, पण गप्प बसते तेव्हा झोप येत नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार

हजेरी चौसष्ट. आजपासून नवी सिस्टिम. उपदेशाआधी मी पुढे जाऊन पाहुण्यांची नावं मोठ्याने जाहीर करायची, त्यांनी उभं राहायचं आणि सगळ्यांनी जय ख्रिस्त म्हणायचं. माझा आवाज भरदार आहे, मिलच्या गेटवर कमावलेला.

काल बुद्धिबळाच्या वेळी साहेबांना सांगून टाकलं, पेट्या भरायला घेऊ नका. ते हसले आणि माझा वजीर मारला.

४ मार्च, शनिवार

संध्याकाळी डोमाजी आले. तीन कप चहा घेतला. दोनदा म्हणाले, प्रेमदासजी, एक सांगाचं होतं. मी उद्याची नावं आरशापुढे म्हणून पाहत होतो, म्हणून म्हटलं, उद्या सांगा. थोडा वेळ बसले आणि गेले. शेवटच्या आठवड्यात सभासदांनी अध्यक्षाचा वेळ खाऊ नये.

५ मार्च, रविवार, दुपार

लिहू नये असं वाटतं. पण रोज लिहायचं ठरलं आहे.

डोमाजी आले नाहीत. अंगात कसकस आहे, असा निरोप. त्यांच्याऐवजी त्यांचा मुलगा आला, चांद्याहून. देखणा पोरगा. बरोबर एक मुलगी, चष्मेवाली. फाटकावर मी रीतसर विचारलं, ह्या कोण? तो म्हणाला, माझी मिसेस, ऑफिसातलीच आहे. दिवाळीत रजिस्टर लग्न केलं, बाबांना काल सांगितलं.

दुसरा कोणी असता तर त्या दोघांना हळूच घरी पाठवलं असतं. माझ्या डोक्यात त्या वेळी एकच गोष्ट. दोन नवे.

पुढे गेलो आणि भरदार आवाजात जाहीर केलं. डोमाजींचे चिरंजीव आणि त्यांच्या नवपरिणीत पत्नी, उभे राहा. उभे राहिले. जय ख्रिस्त म्हणणारा मी एकटाच.

पुलगाववाले आधी उठले. मग वर्धेवाले, मग सिंदीचे. सगळे आपापल्या मुलीचा हात धरून. जिजाबाई माझ्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, कोट पाहून घरात घेतलं तुमाले, हेच चुकलं. करुणा गायनमंडळात उभी होती. आजी हाक मारत होती तरी तिने गीत पूर्ण केलं, मग खाली उतरली आणि कोणाकडे न पाहता गेली. ते पाहून मला फार वाईट वाटलं. हे मी डायरीसाठी लिहीत नाही, खरंच वाटलं.

उरले एकोणचाळीस. जानेवारीपेक्षा एक जास्त. घट झाली असं कोणी म्हणू शकत नाही.

९ मार्च, गुरुवार

बापूरावांच्या घरी माफी मागायला गेलो. कोट घातला नाही. कांता बरोबर. बापूराव पेपरच्या मागून बाहेर आले नाहीत. सुलोचनाबाईंनी पाणी दिलं. मी चार वाक्यं पाठ करून गेलो होतो, दुसऱ्यातच अडकलो.

मग करुणा बाहेर आली. म्हणाली, मले तं कोनी इचारलंच नव्हतं काका. तुमी नाई, अन बाबांनी बी नाई. मी गानं म्हनायले येत होती. रविवारी येऊ का? मी म्हणणार होतो की ये, आणि येताना सगळ्यांना घेऊन ये. कांताने माझ्या पायावर पाय दिला आणि म्हणाली, ये बाई, मी वाट पाहीन.

परतताना कांता मिलच्या चाळीत चार-पाच घरी थांबली. मनकर्णाबाई, अमकी, ढमकी. मी बाहेर उभा. आतून नुसत्या हसण्याचे आवाज. अशाने कुठे पन्नास होतात? मी स्वतः मिलमधल्या वीस जणांना आमंत्रण दिलं आहे. विसांनीही सांगितलं, पाहू. माझ्या अनुभवात पाहू म्हणजे येऊच.

१२ मार्च, रविवार, दुपार

सगळं क्रमाने लिहितो.

चर्च जिनिंग फॅक्टरीच्या मागच्या गल्लीत आहे. नव्या माणसाला गल्ली सापडत नाही. म्हणून आज मी ड्यूटी फाटकाऐवजी चौकात लावून घेतली. वीस माणसं यायची, एकही चुकायला नको. सुपरिंटेंडेंटसाहेबांच्या जीपला गल्ली मीच दाखवली. ते म्हणाले, तुम्ही आत येत नाही? मी म्हणालो, शेवटचा पाहुणा आत गेल्याशिवाय मी जागा सोडत नाही. ते प्रभावित झालेले दिसले.

पहिलं गीत ऐकू आलं. दुसरं ऐकू आलं, त्यात करुणाचा आवाज ओळखला. ऊन चढलं. वीसपैकी एक जण सायकलवरून गेला, हात केला, थांबला नाही. उपदेश संपत आला तेव्हा आत गेलो. मोजणी दुसऱ्या गीतालाच झाली होती.

एकोणपन्नास.

कांताने बोलावलेल्या चाळीतल्या अकरा बायका बसल्या होत्या. करुणा होती. डोमाजीही आले होते, खांबाआड तोंड लपवून. तरी एकोणपन्नास. सुपरिंटेंडेंटसाहेब म्हणाले, मला वाईट वाटतं, पण आज इथे एक सोडला तर उद्या दुसरीकडे पाच सोडावे लागतील. विमलाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

एक! एकच माणूस! आमच्या जुन्या अडतिसांपैकी कोणीतरी आजच्या दिवशी दांडी मारली, हे उघड आहे. मिलमध्ये चारशेंतला एक गैरहजर असला तरी दहा मिनिटांत मी त्याचं नाव काढतो. इथे अडतिसांत काढता येत नाही? संध्याकाळच्या आत शोधतो. मंडळीचा पाळक घालवणारा हा महाभाग कोण, ते सगळ्यांना कळलंच पाहिजे.

तोच दिवस, संध्याकाळ

घरोघर जाऊन आलो. देवकाबाई, ऐंशी वर्षांच्या, दोघांनी धरून आणल्या होत्या, त्यासुद्धा हजर. झोपणारे दोघेही हजर, आणि जागे. सदतीस नावं जुळली. अडतिसावं काही केल्या आठवेना. शेवटी कांताला विचारलं, कोण राहिलं असेल?

तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि म्हणाली, तुमी.

जेवलो नाही.

१३ मार्च, सोमवार

रजा टाकून पाळकसाहेबांकडे गेलो. म्हणालो, मी चौकात होतो, माझी हजेरी धरायला सांगा. ते म्हणाले, मी कालच सांगून पाहिलं, आमचा एक माणूस चौकात उभा आहे म्हणून. त्यावर सुपरिंटेंडेंटसाहेब म्हणाले, चौकात तर सारं हिंगणघाट उभं आहे.

मी म्हणालो, साहेब, चूक माझी. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो असेन, कारण बाहेर विमलाबाईंच्या हातातला कप खाली पडला. साहेब म्हणाले, तुम्ही उभे होतात हे मला माहीत आहे. मोठेपणा त्यांचा. घरी येऊन हे लिहायला बसलो तर 'चूक माझी' तीनदा खोडलं. आता राहू दिलं आहे.

स्वागत समिती बरखास्त. डोमाजींनी शेवटचा चहा मागितला. दिला.

३० एप्रिल, रविवार

निरोपाची उपासना. दुपारी ट्रक आला. सामान फार नव्हतंच. विमलाबाई आणि कांता रडल्या नाहीत, दोघी भांड्यांना कागद गुंडाळत बसल्या होत्या. ट्रक निघाल्यावर कांता घरी आली आणि तिने पाटा धुतला, मग तोच पुन्हा धुतला. मी म्हटलं, वर्धा काय, तासाभराचा रस्ता. ती म्हणाली, मग रोज जाऊन येजा.

७ मे, रविवार

ऊन भयंकर. पाळकसाहेब सकाळच्या पॅसेंजरने एकटेच आले. विमलाबाईंना उन्हाचं आणलं नाही.

आज मी फाटकावर उभा राहिलो नाही. वेळेवर आत जाऊन तिसऱ्या बाकावर बसलो. माझ्यामागून माणसं येतच राहिली. जुने सगळे. चाळीतल्या बायका, आणि ह्या वेळी काही जणी नवऱ्यांना घेऊन. बापूरावांचं घर, सहाच्या सहा, जिजाबाई डोमाजींकडे न पाहता पुढे जाऊन बसल्या. मी ज्यांना आमंत्रण दिलं होतं त्या विसांतले नऊ जण. त्यांना विचारलं, आज कसे काय? ते म्हणाले, वर्ध्याचे साहेब महिन्यातून एकच दिवस येते म्हनते, चुकवून कसं जमते? बाक पुरले नाहीत. सतरंजी टाकावी लागली.

दुसरं गीत सुरू झालं तेव्हा सवयीने मोजायला लागलो. एकाहत्तर. विश्वास बसेना, मागून पुढे पुन्हा मोजलं. एकाहत्तरच.

साहेब चारच्या गाडीने परत गेले. हा आकडा आता कोणाला कळवायचा, ते काही समजत नाही.